निंदणीचा हात आन् सोनकी

माझं माहेर त्र्यंबकच्या पलीकडं, पार डोंगराच्या पायथ्याला. घरं असतील वीस-पंचवीस, आता वाढलीत, रस्ता झाला, पण तव्हा पायवाटच व्हती. नाव माझं कागदावर कौसल्या हाय, पण सगळे कौसाबाईच म्हणतात, तुम्ही पण तेच लिहा. आमच्याकडं पीक म्हंजी नागली, तुमची नाचणी, आन् भात, दोन्ही रोपाचं. आधी राब भाजायचा, म्हंजी वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळायचा, त्या राखेवर बी नुसतं फेकून द्यायचं, आन् रोप वीतभर झालं का उपटून दुसरीकडं लावायचं. एवढीच शेती मला ठाऊक. आन् भादवा आला का आमचा डोंगर पिवळा व्हायचा. थोडाथिडका नाय, खालून वरपर्यंत. सोनकी म्हणतात तिला, हे एवढंसं फूल, रुपयाहून लहान, पण लाखानं यायचं. गौरीला आम्ही तेरडा आणायचो ना, त्याच्या जुडीत माझी आई सोनकीची एक काडी खोवायची, का ते तिलाही ठाऊक नव्हतं, तिची आई खोवायची म्हणून ती खोवायची.

मला लहानपणापासून एक खोड हाय, का आन् कसं इचारायची. आईला इचारलं, आई, एवढा डोंगर कोण पेरतं गं? तर ती म्हणाली, ज्याला पेरायचं तो पेरतो, तू आधी शेण गोळा कर. मी शेण गोळा केलं, पण ते डोक्यातनं गेलं नाय. कारण ते झाड वर्षाला मरतं बघा. दिवाळीनंतर वाळून जातं, मुळासकट जातं, काडी पण राहात नाय. आन् पुढच्या भादव्यात परत डोंगर पिवळा.

लगीन झालं आन् मी पिंपळगाव बसवंतकडं आले. तिकडं सगळं सपाट, काळी जमीन, द्राक्ष आन् कांदा, हायवेला टेम्पोच टेम्पो. डोंगर बघायचा तर लांब, धुरासारखा दिसायचा. सासरी तव्हा बाजरी पण करायचे. आन् त्यांच्यात मान असा, का नव्या सुनेनी पहिल्या पेरणीला चाड्यावर मूठ धरायची. आता तुम्हाला चाडं म्हंजी काय ते सांगते. बैल पाभर ओढतात, तिच्यावर वाटीवाणी लाकडी भांडं असतं, ते चाडं. बाईनी पाभरीमागं चालायचं आन् मुठीतनं बी त्या वाटीत सोडत राह्यचं, ते नळ्यांतनं मातीत जातं. बघायला सोपं दिसतं. पण बैलाच्या पावलाला आन् मुठीच्या बोटांला मेळ लागतो. मी तर राबात बी फेकणारी. मला कुणी सांगलं नाय, मी पण इचारलं नाय, नवी नवरी, डोक्यावर पदर, हळदीकुंकू लावून त्यांनी चाड्याजवळ उभी केली, मी चालले. मूठ सुटली का भसकन पडायचं, मंग बोटं आवळायची तर काहीच नाय पडायचं.

बाजरी उगवली तव्हा काय सांगू तुम्हाला. इथं झुपका, तिथं टक्कल. मामंजी बांधावर उभे राह्यले, लय येळ बघितलं. घरी आले आन् सासूबाईला म्हणाले, हिच्या हाताला येत नाय.

बस, एवढंच. पण ते गावभर झालं. पुढच्या वर्षापासून चाड्यावर माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणते. तिचा हात बसला व्हता, दाणा न् दाणा मोजून पडायचा. आन् मला सासूबाईनी खुरपं दिलं, म्हणाल्या तू निंदायला जा. निंदणी म्हंजी पिकातलं गवत काढायचं. उगवायचं काम नाय दिलं, मारायचं दिलं. घरात तुळस लावायची असली तरी अक्काला हाक मारायचे. परसात कोथिंबिरीचे धणे टाकायचे तरी अक्का. मी उभी राह्यले जवळ तर सासूबाई म्हणायच्या, तू पाणी आण. आन् खोटं नाय सांगत, पाच-दहा वर्षांनी मी पण तेच बोलायला लागले. कुणी बी हातात दिलं तर मीच म्हणायचे, माझ्याकडं नको, माझ्या हाताला येत नाय.

पण निंदणीला माझ्यासारखी बाई नाय बरं का. चाळीस वर्षं केलं. कांद्याचं रोप आन् गवताचं पातं, लहानपणी दोन्ही सारखंच दिसतं, माणूस फसतो. माझा हात नाय फसायचा. मी तोंडानं बोलत असायची, डोळे भलतीकडं, आन् हात आपलं आपलं काम करायचा. जे पीक ते सोडायचा, जे पीक नाय ते मुळासकट बाहेर. बाया म्हणायच्या, कौसाच्या वाफ्यात परत महिनाभर बघायला नको. लांबून लांबून मला बोलावणं यायचं. मला बरं वाटायचं, का नाय वाटणार.

मंग मालक गेले, मालक म्हंजी आमचे हे, भास्करचे वडील. कोल्ड स्टोरेजला कामाला व्हते, छातीत दुखलं आन् गेले. भास्कर माझा एकुलता, टेम्पो चालवतो, त्यानी नाशकात खोली घेतली, द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला. तिथं माती बघायला मिळत नाय, नुसता हॉर्न. मी आठ दिवस बसले आन् सुनेला म्हटलं, मला काहीतरी काम बघ, नायतर मी गाद्या उसवून परत शिवीन. तिच्या ओळखीनी मला बाईंकडं काम लागलं.

बाई म्हंजी शाळेतल्या बाई, विज्ञान शिकवायच्या, आता रिटायर. गंगापूर रोडकडं त्यांचं लहानसं बैठं घर हाय, पुढं-मागं बाग. एकट्या असतात, मुलगी पुण्याला. मला ठेवलं ते बागेतलं गवत काढायला. पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलता बोलता पाह्यलं आन् म्हणाल्या, कौसाबाई, तुम्ही खाली बघतच नाही हो! मी म्हटलं, मला बघायला कशाला लागतं.

त्या पण माझ्यासारख्याच, का आन् कसंवाल्या. एकदा म्हणाल्या, माझ्या बागेत एवढी फुलं आहेत पण फुलपाखरू येत नाही, सगळी झाडं बाहेरची आहेत, मला इथलं काहीतरी लावायचंय, आपल्या डोंगरातलं. मी म्हटलं, मंग सोनकी लावा, आमचा डोंगर भरतो तिनं. त्या लगेच उठल्या, नर्सरीत गेल्या. नर्सरीवाला म्हणाला, मॅडम, रानातलं कशाला, पिवळंच पाहिजे तर झेंडू न्या. आल्या त्या तणतणत. मला म्हणाल्या, तुमच्या माहेराहून बी आणा, आणि तुम्हीच टाका. मी म्हटलं, आणते, पण टाकणार नाय, माझ्या हाताला येत नाय. त्या म्हणाल्या, विज्ञानात हात असा काही प्रकार नसतो. मी म्हटलं, विज्ञानात नसंल, पिंपळगावात हाय.

तर पहिल्या साली बाईंनी टाकलं. माती खोल खणली, शेणखत घातलं, गांडूळखत घातलं, बी टाकून वर बोटभर माती, रोज झारीनं पाणी. गवत आलं सोन्यासारखं. सोनकी? एक नाय. आन् खोटं कशाला बोलू, मला मनातनं जरा बरं वाटलं. एवढ्या शिकलेल्या, त्यांच्या हाताला पण नाय आली. पण मंग घरी आल्यावर मला चैन पडंना. ज्याला डोंगरावर कुणी पाणी घालत नाय, खत घालत नाय, ते इथं एवढे लाड करून येत नाय म्हंजी काय? त्याला पाहिजे काय?

भादव्यात माहेरी गेले आन् डोंगरावर जाऊन सोनकीत बसले. दिवसभर. भावजय बघायला आली, म्हणाली वन्सं, बरं वाटत नाय का? मी म्हटलं, बरं हाय, बघतेय. आन् काय दिसलं सांगू, ती कुठं येते? जिथं माती नाय तिथं. खडकावर दोन बोटं मुरूम, त्याच्यात. जिथं पाणी आलं का वाहून जातं, थांबत नाय. खोल मातीत, जिथं गवत कमरेएवढं, तिथं ती नाय. मी साठीच्या घरात आले तव्हा मला हे दिसलं. जन्म तिथं झाला माझा, पण कधी बसून पाह्यलं नव्हतं. कार्तिकात परत गेले, वाळलेली बोंडं आणली पिशवी भरून. कापूस धरते ती थोडा, हात लावला का उडते, म्हणून पिशवीचं तोंड बांधून एस्टीत मांडीवर घेऊन बसले.

बागेत मंग आम्ही भिंतीकडंला एक तुकडा केला. माती काढली आन् मुरूम टाकला, शेजारच्या बांधकामातली खडी आणली, खत शून्य. जेष्ठ सरत आला तव्हा बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली आन् दोन्ही हात मागं बांधून उभ्या राह्यल्या, शाळेतल्यासारख्या. म्हणाल्या, मी टाकणार नाही, तुम्ही नाही टाकलं तर पडू दे पिशवीत. हसू नका, खरं सांगते, त्रेचाळीस वर्षांत मी बी टाकलं नव्हतं. डोळे मिटले आन् फेकलं, राबात फेकायचे तसं, वरचेवर. माती पण नाय लोटली.

आन् आलं! आषाढात बारीक बारीक हिरवं दिसायला लागलं. बाई म्हणाल्या ओळखू येतंय का? मी म्हटलं नाय, माझ्या ओळखीचं फूल हाय, रोप नाय, जरा मोठं व्हऊ दे. मंग बाई पुण्याला गेल्या मुलीकडं, मला सांगून गेल्या, कौसाबाई, लक्ष ठेवा. आता ऐका माझं लक्ष. मी बसले त्या तुकड्याजवळ, तेवढ्यात अक्काचा फोन आला. तिच्या नातीचं जमलं व्हतं, मुलगा ओझरच्या कारखान्यात, घर असं, सासू तशी, मी फोन कानाला आन् खांद्याला धरला आन् हूं हूं करत ऐकत बसले. अर्धा तास झाला असंल. फोन ठेवला आन् खाली पाह्यलं.

तुकडा साफ. चकचकीत. एक पातं नाय. बाजूला ढीग, मुळं वर करून, जसा मी आयुष्यभर लावत आले तसा. माझा हात निंदून मोकळा झाला व्हता. ओळखीचं पीक दिसलं नाय, म्हंजी सगळं गवत, एवढंच त्याला कळतं.

मी तिथंच बसून रडले. म्हटलं मामंजी बरोबर बोलले, आलं तरी माझा हात ठेवत नाय. मंग डोळे पुसले आन् विचार केला, मुळासकट तर काढलंय, एक पण तोडलं नाय, निंदणारीचं काम हाय ते. आन् रोप उपटून लावणं तर आमच्या डोंगरातलीच रीत. पण त्यात सोनकी कंची आन् गवत कंचं? कळंना. मंग काय करते, सगळंच लावलं. ढिगातलं एकेक उचलून, काडीनं भोक पाडून, ओळीत, नीट. चार तास. शेजारच्या वहिनी गच्चीतनं बघत व्हत्या, त्यांना काय वाटलं असंल देव जाणे, चाळीस वर्षं गवत उपटणारी बाई गवताची लावणी करत बसलीय.

बाई आल्या, मी सगळं सांगून टाकलं, लपवलं नाय. त्या इतक्या हसल्या का खुर्चीत बसल्या. मी म्हटलं हसताय काय, मेलं असंल सगळं. त्या म्हणाल्या, आता काहीच उपटायचं नाही, प्रत्येकाला फूल येईपर्यंत ठेवायचं, बघू तरी कोण कोण आहे.

आन् तिथं मला जे दिसलं ना. केना आला, त्याला निळं फूल, सकाळी उघडतं आन् दुपारी मिटतं, इतकं निळं का माझ्या एकाही लुगड्याला तसा रंग नव्हता. टाकळ्याला पिवळं. एका पसरणाऱ्या वेलीसारख्याला गुलाबी, बारीक, मोहरीएवढं, त्याचं नाव मला आजपण ठाऊक नाय, पण ते उपटलं मी लाखानं असंल. अहो, मी चाळीस वर्षं यांच्यात बसले, आन् एकाचं पण फूल पाह्यलं नव्हतं. फुलापर्यंत जाऊच दिलं नाय ना. मी रोज कामाला लवकर जायला लागले, सून म्हणायची आत्ता कुठं उजाडलंय, मी म्हणायची आज एक उघडायचंय.

सोनकी तीन जगली. तीनच. आन् गौरी आल्या तव्हा तिघींना फुलं व्हती. बाईंनी एक काडी मला घरी नेऊ दिली. द्वारकेच्या खोलीत गौरीच्या हाताशी खोवली, सून म्हणाली हे काय नवीन? मी म्हटलं नवीन नाय.

त्या तिघींचं बी आम्ही काढलंच नाय, बाई म्हणाल्या पडू दे. दुसऱ्या साली मी काही टाकलं नाय, आन् हातावर बसून राह्यले, खरंच, मांडीखाली हात घालून. रोपं ओळखू यायला लागली आता, कातरलेल्या कडांची पानं असतात. आन् भादव्यात काय सांगू, तो तुकडा तर भरलाच, पण फरशीच्या फटीत, नळाखाली, शेजारच्या वहिनींच्या भिंतीवर पण. फुलपाखरं आली, मधमाश्या आल्या. एका जागी गच्च आन् दोन हात सोडून मोकळं, परत गच्च. लोकं फोटो काढायचे त्या वेड्यावाकड्या येण्याचा. मला बाजरी आठवली आन् हसू आलं. कुणी बांधावर उभं राहून म्हणंना का ज्यानं हे पेरलं त्याच्या हाताला येत नाय.

त्याच दिवसांत अक्का आली आमच्याकडं, डोळ्याचं ऑपरेशन व्हतं. पट्टी निघाली तशी मी म्हटलं चला, तुम्हाला गंमत दाखवते, आन् रिक्षानं बाईंकडं नेली. अक्का एकेका झुपक्याजवळ जाऊन आली. काळा चष्मा, हातात पदर. मंग म्हणाली, कौसा, ही तू लावलीस? मी म्हटलं पहिली मी टाकली, मंग ती आपली आपली आली. ती खाली बसली पायरीवर आन् म्हणाली, एक सांगू? तुला चाडं कुणी शिकवलं नव्हतं. मला माझ्या आईनी लग्नाआधी दोन वर्षं शिकवलं, पाभरीमागं नुसतं चालायचं आन् मुठीतनं वाळू सोडायची, बोट हलंल तशी आई पाठीत धपाटा घालायची. तुझी मूठ मी त्या दिवशी बांधावरनं पाह्यली, मला तव्हाच कळलं व्हतं का हिला येत नाय, हिला शिकवलेलंच नाय. दोन दिवसांचं काम व्हतं. पण मामंजींनी माझ्या हातात चाडं दिलं, घरात माझं नाव झालं, मी गप बसले. चव्वेचाळीस वर्षं गप बसले बघ.

राग आला. लय राग आला. बाईंनी चहा आणला, मी घेतला नाय. घरी आल्यावर तिच्या डोळ्यात थेंब घालायचे व्हते, दिवसातनं चार येळा, ते घातले, पण मुकाट्यानं. एक तुळस लावू दिली नाय मला त्या घरात, एक तुळस! आन् दोन दिवसांचं काम व्हतं म्हणे. तिसऱ्या दिवशी थेंब घालताना ती म्हणाली, बोल तरी, शिव्या दे. मी म्हटलं, शिव्या कसल्या, डोळा उघडा ठेवा. मंग मलाच रडू आलं आन् तिला तर रडायची बंदी डॉक्टरची, म्हणून मी एकटीच रडले दोघींचं.

जाताना म्हणाली, ह्याचं बी ठेव मला, आमच्या अंगणात टाकायचं. मी म्हटलं देते पुडी बांधून, तुमचा हात चांगला हाय. ती म्हणाली, नाय, तू यायचं आन् तू टाकायचं, मी बघणार.

तर ह्या जेष्ठात गेले. चार-पाच वर्षांनी त्या अंगणात पाय ठेवला असंल. अक्कानी कोपऱ्यात मुरूम टाकून ठेवला व्हता, तिच्या मुलाला ट्रॅक्टर घेऊन पाठवलं व्हतं म्हणे, तो वैतागला, म्हणाला लोक मुरूम काढून माती टाकतात, तू माती काढून मुरूम टाकते. माझ्यासाठी पाट मांडला, कुंकू लावलं. मी म्हटलं अक्का, हे काय लग्न हाय का? म्हणाली गप बस. पुडी माझ्या हातात दिली. मी ह्या येळी डोळे मिटले नाय.

आता आषाढ लागलाय. येईल का नाय मला ठाऊक नाय. तिकडची हवा येगळी, ऊन येगळं, खाली काळी जमीन, डोंगरातली पोर सपाटीला रमंल का नाय, ते तिचं तिला माहीत. पण अक्काचा रोज सकाळी फोन येतो. दात घासायच्या आधी. काल म्हणाली, कौसा, चार-पाच ठिकाणी काहीतरी निघालंय, दोन-दोन पानं हायत, सोनकी हाय का गवत हाय मला कळत नाय, सून म्हणते उपटून टाकू, मी तिला थांबवलंय, काय करू? तुम्ही बसलात ना इथं, तुमच्या समोर परत येईल बघा तिचा फोन. मी तिला एकच सांगते, अक्का, हात लावू नका, खुर्ची घ्या, काय निघतंय ते बघू.